सशाचें माप

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. थंडी नुकती पडूं लागली होती आणि सुट्टीसाठीं आलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीला घेऊन मी सकाळीं गांवाबाहेरच्या माळावर फिरावयास गेलों होतों. वाळलेल्या कुसळी गवताच्या एका झुबक्याजवळून आम्ही चाललों असतां पायांपासून दोन हातांवरून कांहीं तरी उसळलें. दोन उंच उड्या, एक तिरकें वळण, आणि पलीकडच्या तरवडाच्या झुडपांआड तें दिसेनासें झालें. "काका, केवढा मोठा ससा!" पुतणी ओरडली. त्याच क्षणीं माझ्या तोंडून शब्द निघाले होते, "एवढासा जीव, किती दचकला बिचारा!" ससा एकच होता, आणि आम्हीं दोघांनीं तो एकाच वेळीं पाहिला होता. तिला तो मोठा दिसला, मला एवढासा. परततांना तिनें विचारलें, "काका, मग ससा खरा मोठा असतो कीं लहान?"

"तुला काय वाटतें?" असें मीं उलट विचारलें. उत्तर ठाऊक नसलें म्हणजे आम्ही शिक्षक ह्या आडोशाला उभे राहतों. पण प्रश्न मनांतून गेला नाहीं. वरवर पाहतां हा प्रश्न पोरकट आहे, आणि फूटपट्टी व तागडी हातीं असलेला कोणीही मनुष्य तो निकालांत काढील असें वाटतें. थोडा विचार केला म्हणजे मात्र ध्यानांत येतें कीं, फूटपट्टी व तागडी सशाची लांबी आणि सशाचें वजन सांगतात. तो मोठा कीं लहान, हें त्या दोघींपैकीं एकही सांगत नाहीं.

तत्त्वज्ञांना ही अडचण फार जुनी आहे. प्लेटोच्या 'फीडो' ह्या संवादांत सिमिअस नांवाचा गृहस्थ सॉक्रेटिसापेक्षां उंच, पण फीडोपेक्षां ठेंगणा आहे. तेव्हां उंची आणि ठेंगणेपणा हे दोन्ही विरुद्ध धर्म एकाच माणसाच्या ठिकाणीं कसे राहतात, असा तेथें प्रश्न उपस्थित होतो. त्याचा उलगडा असा कीं, सिमिअस उंच आहे तो तो सिमिअस आहे म्हणून नव्हे, तर कोणाच्या तरी शेजारीं उभा आहे म्हणून. आमच्याकडे वैशेषिकांनीं परिमाण हा द्रव्याचा एक गुण मानला आणि अणु, महत्, दीर्घ व ह्रस्व असे त्याचे भेद केले. ससाही आमच्या दर्शनकारांच्या चांगल्या परिचयाचा. जें मुळांत नाहींच त्याचें उदाहरण द्यावयाचें झालें कीं ते सशाचें शिंग पुढें करतात. सशाच्या डोक्यावर नसलेल्या शिंगाचा त्यांनीं जितका विचार केला, तितका त्या डोक्याखालच्या सशाचा केला असता तर बरें झालें असतें, असें मला कधीं कधीं वाटतें.

तर आधीं त्या सशाकडेच पाहूं. पुतणीनें आजवर पाहिलेले ससे म्हणजे शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यांतले पांढरे, गुबगुबीत, लाल डोळ्यांचे. मराठींत त्यांनाही ससा म्हणतात आणि माळावरच्यालाही. पण ह्या दोन जाती अगदीं निराळ्या. पिंजऱ्यांतला ससा मूळचा युरोपांतील बिळें करून राहणाऱ्या जातीचा. त्याचीं पिल्लें डोळे मिटलेलीं व अंगावर केस नसलेलीं जन्मतात. माळावरचा ससा बीळ करीत नाहीं. तो उघड्यावर, गवतांत अंग दाबून बसतो, आणि त्याचीं पिल्लें अंगभर लव घेऊन व डोळे उघडे ठेवूनच ह्या जगांत येतात. आपल्याकडील ह्या सशाला शास्त्रज्ञ लेपस नायग्रिकॉलिस म्हणतात. नायग्रिकॉलिस म्हणजे काळ्या मानेचा. दक्षिणेकडील सशांच्या मानेवर मागच्या बाजूस काळें ठिगळ असतें, त्यावरून हें नांव पडलें. त्याची लांबी साधारणपणें ४० ते ७० सेंटिमीटर आणि वजन बहुधा दोन-तीन किलो भरतें.

हें वजन इतरांच्या वजनांशेजारीं मांडून पाहावें. युरोपांतला तपकिरी ससा ३ ते ५ किलोंचा. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फांत राहणारा बहुधा ४ ते ५ किलोंचा. आणि अमेरिकेच्या पश्चिम भागांतला सर्वांत बुटका ससा सुमारें ४०० ग्रॅमचा. म्हणजे रानांत राहणाऱ्या ह्या साऱ्या कुळांत अगदीं लहान आणि चांगला मोठा ह्यांच्यामध्यें फार तर दहा-पंधरा पटींचें अंतर. मार्जारकुळ घेतलें तर आपल्या सह्याद्रींतली वाघाटी जेमतेम एक-दीड किलोची आणि वाघ दोनशें किलोंचा. कुरतडणाऱ्यांच्या गोतावळ्यांत घरांतला उंदीर वीस ग्रॅमचा, तर दक्षिण अमेरिकेंतला कॅपिबारा पन्नास किलोंचा किंवा त्याहूनही जड. इतर कुळांत कोणी बटू राहिला, कोणी महाकाय झाला; सशांचें कुळ मात्र एका ठराविक मापाच्या आगेमागेंच घोटाळत राहिलें.

आतां ससा लहान कीं मोठा? हत्तीच्या शेजारीं तो कांहींच नाहीं. हत्तीचें वजन तीन-चार हजार किलो. एका तागडींत हत्ती घातला तर दुसरींत हजार-पंधराशें ससे घालावे लागतील. निळ्या देवमाशाचें तर नांवच नको. परंतु ही तुलना करतांना आपण कोणाला बोलावतों हें पाहण्यासारखें आहे. जगांत सस्तन प्राण्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं पांचांत दोन उंदीर-खारींच्या गोतांतल्या आणि सुमारें पांचांत एक वटवाघळांची. ह्यांतल्या बहुतेकांचें वजन ग्रॅमांत सांगावें लागतें. एक चिचुंद्री तर प्रौढपणींही दोन ग्रॅमच्या आसपासच राहते. प्रत्येक जातीचा एकेक प्रतिनिधि बोलावून सभा भरविली, तर आपला ससा मागच्या बाकांवर मोठ्यांच्या पंक्तींत बसेल. तेथें पुतणीचें म्हणणें खरें ठरेल, आणि "एवढासा जीव" म्हणणारा मी चुकलेला ठरेन.

मग मला तो एवढासा कां वाटला? मनुष्य स्वतः साठ-पांसष्ट किलोंचा प्राणी आहे. त्याला भय वाटतें तें आपल्याहून मोठ्या जनावराचें, आणि त्याच्या उपयोगीं पडतें तेंही बहुधा मोठेंच जनावर. प्राण्यांचें नांव काढलें कीं त्याच्या डोळ्यांपुढें हत्ती, वाघ, घोडा, बैल येतात. वटवाघूळ येत नाहीं. मोजण्याआधीं मापकऱ्यानें सभासद निवडलेले असतात. सशाला लहान म्हणतांना मी जगाविषयीं बोलत नव्हतों. माझ्या मनांतल्या सभेविषयीं बोलत होतों.

येथें एक मोह होतो. एका मापानें लहान ठरलेल्याला दुसऱ्या मापानें मोठें ठरवावें, म्हणजे आपल्या मनाचें समाधान होतें. आमच्या कथाकारांनीं हेंच केलें. पंचतंत्रांतला ससा बलाढ्य सिंहाला विहिरींतलें त्याचेंच प्रतिबिंब दाखवून बुडवितो. तेथें अंगाचें उणें बुद्धीनें भरून काढलें आहे. जातककथेंतल्या सशापाशीं अतिथीला द्यावयास गवताशिवाय कांहीं नसतें, म्हणून तो स्वतःचें शरीरच अग्नींत टाकतो आणि त्याची आकृति चंद्रावर उमटते. तेथें अंगाचें उणें त्यागानें भरून काढलें आहे. शास्त्रही ह्या कामीं मदतीला येतें. मराठींत भित्र्या माणसाला सशाच्या काळजाचा म्हणतात, आणि जिवाच्या आकांतानें होणाऱ्या धांवपळीला ससेहोलपट. परंतु युरोपांतल्या तपकिरी सशाचें हृदय तोललें असतां तें त्याच्या वजनाच्या शेंकडा १ ते १.८ भरतें. त्याच देशांतल्या बिळांत राहणाऱ्या सशाचें शेंकडा ०.३ च्या आसपास, आणि माणसाचें शेंकडा अर्ध्याच्या आसपास. बिळांतल्या सशाला दहा पावलें धांवलें कीं घर सांपडतें. उघड्यावरच्याला कोसभर धांवावें लागतें, आणि तें धांवणें तो ताशीं सत्तर किलोमीटरपर्यंतच्या वेगानें करतो. म्हणून त्याला एवढें हृदय. ज्याच्या काळजाला आपण नांवें ठेवतों, त्याचें काळीज अंगाच्या मानानें आपल्याहून दुपटीतिपटीनें मोठें आहे.

हें वाचून मला पहिल्यानें फार आनंद झाला होता. नंतर माझें मलाच हंसू आलें. हृदयाच्या मापानें ससा मोठा, म्हणून तो आदरणीय. मग ज्याचें हृदय शेंकडा ०.३ त्या बिळांतल्या सशाचें काय? एका तागडीच्या निकालावर अपील करून दुसऱ्या तागडीकडे धांवणें ह्याचा अर्थ, तागडी न्याय देते हें आपण मान्यच केलें. लहानांची बाजू घेणारे पुष्कळ लोक असेंच करतात. "मूर्ति लहान, पण कीर्ति महान" ह्या म्हणींतला 'पण' पाहावा. त्या 'पण'मध्यें लहान असणें ही एक चूक आहे आणि ती कशानें तरी भरून निघाली पाहिजे, हें आधींच कबूल केलेलें असतें.

म्हणून समाधानाचा मार्ग सोडून कारणाचा मार्ग धरावा. ससा मोठा कां झाला नाहीं? गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या प्रकारच्या प्रश्नाचें मूळ उत्तर दिलें आहे. एखादा प्राणी आकार तसाच राखून लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही बाजूंनीं दसपट केला, तर त्याचें वजन हजारपट होतें. पण तें वजन पेलणाऱ्या हाडांची जाडी, म्हणजे आडव्या छेदाचें क्षेत्र, शंभरपटच वाढतें. तेव्हां प्रत्येक हाडावर पूर्वीच्या दसपट भार पडतो, आणि तें मोडतें. मोठें व्हावयाचें तर रूपच पालटावें लागतें. जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनीं प्राण्यांच्या योग्य आकाराविषयीं १९२६ सालीं लिहिलेल्या निबंधांत पाणघोड्याएवढा ससा संभवत नाहीं हेंच उदाहरण घेतलें आहे. हे हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.

परंतु पाणघोडा फार दूरचा. बकरीएवढा ससा कां नाहीं? तेवढ्यानें हाडें मोडत नाहींत. ह्या प्रश्नाकडे सुसुमु तोमिया व लॉरेन मिलर ह्या संशोधकांनीं २०२१ सालीं लक्ष दिलें. सशांचें शरीर चालविण्यास लागणारी शक्ति त्यांनीं तेवढ्याच वजनाच्या खुरांच्या प्राण्यांच्या शक्तीशीं ताडून पाहिली, आणि उत्तर अमेरिकेंतले जुने अवशेषही तपासले. त्यांना असें आढळलें कीं, सुमारें सहा-सव्वासहा किलोंच्या पुढें ससा गेला तर हरिणा-मेंढरांच्या कुळांतल्या तेवढ्याच प्राण्यापुढें त्याचा निभाव लागणें कठीण. आणि ज्या काळीं खुरांचा सर्वांत लहान प्राणी जेवढा होता, त्यावरून त्या काळचा सर्वांत मोठा ससा केवढा असेल ह्याचा अंदाज करतां येतो. चरणाऱ्यांच्या पंक्तींत सशाच्या वरचें पान आधींच मांडलेलें होतें. आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडींतही तीन-एक किलोंचें पिसोरी हरिण राहतें. माळ सशाचा आणि झाडी पिसोरीची.

तें पान रिकामें असतें तर काय झालें असतें? ह्याचें उत्तर भूमध्य समुद्रांतल्या मिनॉर्का बेटानें देऊन ठेवलें आहे. तेथें कित्येक लक्ष वर्षांपूर्वीं एक ससा राहत असे. २०११ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें आणि त्याला न्युरालॅगस रेक्स, म्हणजे राजा, असें नांव मिळालें. बेटावर त्याची शिकार करणारें जनावर नव्हतें. वर्णन करणाऱ्यांच्या अंदाजानें त्याचें वजन सुमारें १२ किलो, म्हणजे आपल्या सशाच्या चौपट-पांचपट होतें. पण त्याच्या सांगाड्यानें आणखीही कांहीं सांगितलें. उडी घेण्यासाठीं सशाचा कणा कमानीसारखा वांकावा लागतो. ह्या राजाचा कणा आंखूड व ताठ होता. डोळ्यांच्या खोबणी कवटीच्या मानानें लहान झाल्या होत्या, आणि कानाकडचा हाडांचा भाग आकसला होता. तो मोठा झाला. उडी मारीनासा झाला, आणि दृष्टि व श्रवण ह्यांतही उणा पडला. ज्या तीन गोष्टींवरून आपण सशाला ससा म्हणून ओळखतों, त्या तिन्ही शत्रूबरोबर गेल्या.

ही हकीकत वाचतांच कोणाही शिक्षकाच्या मनांत एक तात्पर्य तयार होतें, आणि तें माझ्याही मनांत झालें: ज्यानें त्यानें आपल्या मापांत राहावें, मापाबाहेर वाढणाऱ्याला आपलें स्वत्व गमवावें लागतें. तात्पर्य गोड आहे. त्याला इतिहासाचा व शास्त्राचा पाठिंबाही दिसतो. आणि नेमक्या ह्याच ठिकाणीं मला थांबावेसें वाटलें, कारण हें तात्पर्य मीं पूर्वीं एकदां वापरलेलें आहे.

वीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक विद्यार्थी होता. लांबच्या एका खेड्यांतला. बाप दुसऱ्याची जमीन वांट्यानें करणारा. त्याचें इंग्रजी अडखळतें होतें, पण प्रश्न असे विचारी कीं मला रात्रीं पुस्तक पुन्हां उघडावें लागे. पदवी मिळाल्यावर तो माझ्या घरीं आला आणि म्हणाला, "सर, मोठ्या शहरांत जाऊन तत्त्वज्ञानांत पुढें शिकावें असें वाटतें. आपलें काय मत?" तालुक्याच्या गांवीं त्याला कारकुनाची जागा मिळत होती. मीं त्याला शहरांतला खर्च सांगितला, पुढच्या नोकऱ्यांची अनिश्चितता सांगितली, आणि शेवटीं म्हणालों, "अंथरूण पाहून पाय पसरावे." तो थोडा वेळ खालीं पाहत बसला, "बरें सर," म्हणाला, आणि नमस्कार करून गेला. माझ्या मनांत त्याचें वाईट चिंतलेलें नव्हतें. सल्ला व्यवहाराचा होता; कदाचित् बरोबरही असेल. परंतु त्या दिवशीं आपण त्या मुलाची कुवत पाहून बोललों अशी माझी समजूत होती. त्याची कुवत मीं मोजलीच नव्हती. मीं त्याच्या बापाची जमीन मोजली होती. आणि ती जमीन दुसऱ्याची होती. अंथरूण लहान आहे एवढें मला दिसलें. तें कोणीं कापलें, हें मीं विचारलें नाहीं.

सशाचें माप आणि त्या मुलाचें माप ह्यांत भेद काय, हें तेव्हां मला सांगतां आलें नसतें. आज थोडेंफार सांगतां येईल. सशाला कोणीं "एवढाच राहा" असें सांगितलेलें नाहीं. त्याच्या शेजाऱ्यांनीं त्याचें माप ठरविलें हें खरें. पण हरिणानें ठराव करून ससा लहान ठेवला नाहीं, आणि सशाच्या पिल्लाला लहान राहण्याचा उपदेश करून आपलें कुरण राखलें नाहीं. माणसांच्या समाजांत हेंच घडत आलें आहे. ज्यांनीं वरचीं पानें अडविलीं, त्यांनींच खालच्यांना सृष्टिनियम समजावून सांगितला. आणि आमच्या देशांत तर तो नियम जन्माबरोबर कपाळीं चिकटविण्याची सोय हजारों वर्षें होती. 'आहे' ह्या विधानांतून 'असावें' हें विधान तर्कानें निघत नाहीं, ही गोष्ट डेव्हिड ह्यूमनें अठराव्या शतकांतच, १७३९-४० सालच्या आपल्या ग्रंथांत, दाखवून दिली. दर वर्षीं मी ती वर्गांत शिकवितों. तरीही सृष्टींतला दाखला समोर आला कीं 'असावें' हा शब्द जिभेवर येतोच, आणि विशेषतः तें 'असावें' दुसऱ्यासाठीं असेल तर लौकर येतो.

मिनॉर्कांतल्या सशाविषयींही तेंच. त्यानें डोळे व कान गमावले असें मीं वर म्हटलें. 'गमावले' हा शब्द माझा आहे. ज्याला पळावयाचें नाहीं त्याला लांब कान कशाला? तो आपल्या बेटावर कंदमुळें उकरून, लाखों वर्षें सुखानें नांदला असेल. त्याला ऱ्हास म्हणावें कीं उत्कर्ष म्हणावें, हें त्याचीं हाडें सांगत नाहींत. त्यांत तात्पर्य होतें तें मींच आणून ठेवलेलें होतें.

मग मापांचा आणि मोलाचा कांहींच संबंध नाहीं काय? ह्यावर आमच्याकडे एक सुंदर वाद झालेला आहे. जैनांचें मत असें कीं, जीव हा ज्या देहांत राहतो त्या देहाएवढा असतो. हत्तींत हत्तीएवढा, मुंगींत मुंगीएवढा. तत्त्वार्थसूत्रांत त्याला दिव्याचा दृष्टांत दिला आहे: एकच दिवा लहान खोलींत ठेवला तर तेवढीच जागा उजळतो, मोठ्या दालनांत ठेवला तर त्याचा प्रकाश तेथवर पसरतो. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत ह्यावर आक्षेप घेतला: माणसाचा जीव पुढच्या जन्मीं हत्तीच्या देहांत गेला तर तो देह त्यानें भरणार नाहीं, आणि किड्याच्या देहांत गेला तर तो तेथें मावणार नाहीं, शिवाय जें आक्रसतें व पसरतें तें नित्य कसें? तर्काच्या दृष्टीनें आचार्यांचा आक्षेप जोरदार आहे, आणि त्या वादाचा निकाल देण्याचा माझा अधिकार नाहीं. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे, आणि मला ती वादापेक्षां महत्त्वाची वाटते. लहान देहांत अर्धा जीव असतो, पाव जीव असतो, असें कोणीच म्हणत नाहीं. खोली लहान असली म्हणून दिवा अर्धा होत नाहीं.

पाश्चात्त्यांत कांटनें १७८५ सालीं हाच भेद निराळ्या भाषेंत मांडला. कांहीं वस्तूंना किंमत असते, आणि तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तु त्यांच्या जागीं चालते. कांहींना प्रतिष्ठा असते, आणि तिच्या बदल्यांत देण्यासारखें कांहींच नसतें. माप किमतीपाशीं संपतें. प्रतिष्ठेला माप नाहीं. मात्र कांटनें ही प्रतिष्ठा विवेकशील प्राण्यांपुरती राखून ठेवली. ससा उंबरठ्याबाहेर राहिला. चारच वर्षांनीं, १७८९ सालीं, बेंथमनें विचारशक्तीऐवजीं दुःख भोगण्याच्या शक्तीकडे बोट दाखविलें, आणि सशाला आंत येण्यापुरतें दार किलकिलें झालें. माळावरच्या त्या सकाळीं ससा दचकला तें भय दोन किलोंचें होतें काय? हत्ती दचकला असता तर तें दीड हजारपट झालें असतें काय? हा प्रश्न विचारूं गेलें तरी त्याला अर्थ लागत नाहीं. आणि अर्थ लागत नाहीं ह्यांतच त्याचें उत्तर आहे. माप आपल्याला पुष्कळ सांगतें. कोणाला किती खावयास लागेल, कोण किती धांवेल, कोणाचें हाड केव्हां मोडेल, हें सारें तें सांगतें, आणि तें जाणून घेतलेंच पाहिजे. मात्र कोणाचें दुःख अधिक मानावें आणि कोणाची वाट अडवावी, हें त्याला विचारावयाचें नसतें. तें विचारलें कीं तें उत्तर देतें. पण तो आवाज मापाचा नसतो, मोजणाऱ्याचा असतो.

त्या सकाळची एक गोष्ट सांगावयाची राहिली. ससा पळाल्यावर पुतणी त्या गवताच्या झुबक्यापाशीं जाऊन वांकली. गवत दबून तेथें एक खळगी झाली होती, एका बाजूला थोडी खोल, दुसरीकडे उथळ. बीळ न करणारा ससा अशीच खळगी करून तींत दिवस काढतो. पाठ वाऱ्याकडे, आणि मागचे पाय खोल बाजूला, उडीसाठीं तयार. तिनें आंत हात ठेवला आणि म्हणाली, "काका, अजून गरम आहे." मग तिनें वितीनें ती मोजली. तिच्या दोन वितींहून थोडी अधिक भरली.

ती खळगी सशाच्या अंगाएवढीच होती, कारण ती त्याच्याच अंगानें झालेली होती. दुसऱ्या कोणीं ती कापून त्याच्यापुढें टाकलेली नव्हती, आणि पाय पसरूं नकोस असें त्याला बजावलेलेंही नव्हतें. मला त्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तो आज पंचेचाळिशीला आला असेल. कोठें आहे, काय करतो, हें मला ठाऊक नाहीं; आणि भेटलाच तर त्याला काय सांगावें, हेंही नीटसें सुचत नाहीं. पुतणीला मात्र उत्तर देणें भाग होतें. मी तिला म्हणालों, "ससा दोन विती आणि थोडा, एवढें तूं मोजलेंस. तेवढें खरें." तिला तें पुरेसें वाटलें नाहीं. ती म्हणाली, "पण होता केवढा!" आणि ह्या खेपेस मीं तिला दुरुस्त केलें नाहीं.